चौसष्टावं सर्किट

सगळं ऑफिस ज्यांना काका म्हणायचं ते निवृत्त झाले त्या दिवशी सभागृहात बारा भाषणं झाली आणि बाराही जणांनी तेच म्हटलं: चौतीस वर्षांत या माणसाने कुणाचंही काम वशिल्याने केलं नाही, अगदी स्वतःच्या माणसाचंसुद्धा. दर वेळी टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. शेजारच्या बाईने कोपराने ढोसलं तरी नाही. अकरा वर्षं मी त्यांच्या टेबलाला टेबल लावून बसले होते, आणि हे कौतुक कुणाच्या जिवावर चाललंय ते त्या सभागृहात दोघांनाच ठाऊक होतं. एक मी, आणि दुसरे गळ्यात हार घालून मान खाली घातलेले काका.

टेलिफोन खात्याचा सर्किट विभाग म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली. भिंतीपलीकडे बॅटऱ्यांची खोली होती, तिची घरघर दिवसभर कानात असायची. खिडकीतून केबलची रिकामी लाकडी रिळं दिसायची, त्यापलीकडे काही नाही. काकांच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली त्यांच्या बारीक, सुबक अक्षरांतला एक तक्ता. किती किलोबिट म्हणजे किती मेगाबिट, कशात काय किती मावतं, सगळं त्यात होतं. लोक आमच्याकडे लाइन मागायला यायचे ते आपापल्या मापात. कुणाला चौसष्ट हवी, कुणाला दोन मेगाबिट, कुणाला नुसतंच ‘जरा वेगवान काहीतरी’. हे सगळं एका मापात आणायचं आणि कोणत्या मार्गावर कुठे बसतं ते सांगायचं, हे काकांचं काम. मागून सगळे त्यांना ‘भागाकार’ म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं आणि आतून आवडायचंही, असा माझा संशय आहे.

मी नोकरीला लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि मला सगळं येतं अशी माझी समजूत होती. पहिल्याच दिवशी काकांनी समोर बसवून शाळा घेतली.

“माणसाचा आवाज तारेत घालायचा तर सेकंदाला आठ हजार वेळा त्याचं माप घ्यायचं. प्रत्येक मापाला आठ बिट. आठ हजार आठे किती?”

“चौसष्ट हजार.”

“म्हणजे एक माणूस बोलला की चौसष्ट किलोबिट लागले. साहेब बोलला तरी तेवढेच, शिपाई बोलला तरी तेवढेच. असे बत्तीस वाटे एकत्र बांधले की झालं आपलं दोन मेगाबिटचं सर्किट. खरं म्हणजे दोन हजार अठ्ठेचाळीस किलोबिट, पण तेवढं बोलायला कुणाला वेळ आहे? बत्तिसातले दोन वाटे घरकामाला जातात. तीस माणसं बोलतात.”

साहेब आणि शिपाई एकाच मापाचे, हे त्यांना मनापासून पटलेलं होतं. मी पुढे पुष्कळ साहेब पाहिले, पण शिपायाचं पत्र आधी आलं म्हणून साहेबाच्या मेहुण्याला थांबवणारा माणूस हा एकच पाहिला.

एकदा एका वर्तमानपत्राचा मालक पाय आपटत आला. चौसष्टची लाइन घेतली आणि कॉम्प्युटरवर वेग दिसतो आठ, म्हणजे खात्याने तोंडाला पानं पुसली, असं त्याचं म्हणणं. काकांनी त्याला बसवलं, पाणी दिलं.

“साहेब, तुम्ही लाइन घेतली लिटरने आणि मोजताय बादलीने. आठ बिटांचा एक बाइट. आम्ही बिट देतो, तुमचं कॉम्प्युटर बाइट मोजतं. चौसष्ट भागिले आठ, आठ. पूर्ण मिळतंय तुम्हाला.”

“मग माझा दोन मेगाबाइटचा फोटो किती वेळात जाणार?”

“आमच्या तारेचा किलो हजाराचा, तुमच्या कॉम्प्युटरचा एक हजार चोवीसचा. तो फरक धरून चार मिनिटं बावीस सेकंद. वर थोडं इकडेतिकडे.”

मालकाने तिथेच माणसाला फोन लावून फोटो पाठवायला सांगितला आणि हातातल्या घड्याळाकडे बघत बसला. साडेचार मिनिटं लागली. “थोडं इकडेतिकडे,” असं पुटपुटत तो उठला. काका दिवसभर खुशीत होते.

तर असा हा नाकासमोर चालणारा माणूस. लग्न राहून गेलं होतं. दोन खोल्यांच्या घरात एक खाट, एक टेबल आणि भिंतीला टेकवलेली घडीची खुर्ची. जगात जिवाभावाचं माणूस एकच, मोठी बहीण. आई लवकर गेली तेव्हा काका पाच वर्षांचे आणि ताई चौदाची. तिने त्यांना न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, चुलीपुढे बसवून पाढे म्हणून घेतले. चुकलं की लाटणं. तिचं लग्न दगडाच्या खाणीवरच्या मुकादमाशी झालं आणि ती डोंगरात, खाणीच्या वस्तीवर राहायला गेली. तिथे पोचायला बसने दहा तास. पण रोज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी काकांच्या टेबलावरचा फोन वाजायचा. आम्हाला एकाच बाजूचं ऐकू यायचं. “हो, जेवलो. हो, भाजी होती. नाही, शिळी नव्हती. ताई, मी आता बावन्न वर्षांचा आहे.” मग बराच वेळ नुसतं ऐकणं. फोन ठेवल्यावर त्यांचा चेहरा पाच मिनिटं निराळा दिसायचा, मग पुन्हा भागाकार.

दोन दहाच का, तर खाणीवर सकाळी सहाला काम सुरू व्हायचं आणि दोनला सुटी. मुकादम घरी आला, जेवायला बसला की ताईचा हात मोकळा. साऱ्या वस्तीचं तेच. सकाळी वस्ती रिकामी, आणि दोन ते पाच प्रत्येक घरातला फोन चालू.

मग ते वर्ष आलं. आमच्या डोंगराकडच्या मार्गावरची जुनी यंत्रणा काढून नवी बसवायचं ठरलं. जुनी होती एकशे चाळीस मेगाबिटची, नवी एकशे पंचावन्नची. थोरल्या साहेबांनी बैठकीत तारीखही जाहीर केली: अमुक रविवारी सकाळी सगळी सर्किटं नवीवर, आणि त्याच आठवड्यात जुनीचं सामान बाहेर. सगळ्यांनी माना हलवल्या. काकांनी हात वर केला.

“साहेब, एक सर्किट बसत नाही.”

“म्हणजे? एकशे पंचावन्न मोठं की एकशे चाळीस?”

“एकशे पंचावन्न मोठं. पण जुन्यात चौसष्ट मावतात आणि नव्यात त्रेसष्ट.”

खोलीत हशा झाला. भागाकाराला वजाबाकी येईना, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. काका उठून फळ्याकडे गेले. जुनी यंत्रणा चाराने चढते: चार दोनांचा एक आठ, चार आठांचा एक चौतीस, चार चौतिसांचा एक एकशे चाळीस. चार चोक सोळा, सोळा चोक चौसष्ट. नवी दोन मेगाबिटची सर्किटं वेगळ्या बांधणीने भरते. आधी तीनांचा गठ्ठा, तसे सात गठ्ठे, आणि ते सगळं तीन वेळा. तीन साते एकवीस, एकवीस त्रिक त्रेसष्ट. उरलेली जागा बांधाबांधीत आणि देखरेखीत जाते. नुसत्या वेगाला वेगाने भागलं तर पंचाहत्तर मावतील असं दिसतं, पण यंत्र तसा भागाकार करत नाही.

हशा थांबला. नवीन यंत्रणेच्या मागणीपत्रावर सहा सह्या होत्या आणि सहाही जणांनी मोठा आकडा बघून सही ठोकली होती. थोरले साहेब लालबुंद झाले, पण तारीख वर कळवून बसले होते. म्हणाले, “दुसरी यंत्रणा पंधरा दिवसांत येतेच आहे. तोवर एक सर्किट बंद ठेवा. कोणतं ते तुम्हीच ठरवा, नियमाने.”

नियम असा होता की ज्या सर्किटवर गर्दीच्या तासात सर्वांत कमी बोलणी होतात ते आधी बंद करायचं. आणि गर्दीचा तास म्हणजे सकाळी दहा ते अकरा. शहरातल्या ऑफिसांवरून कुणीतरी केव्हातरी ठरवलेला.

आठवडाभर मोजणी झाली. यादी टाइप करायला माझ्याकडे आली. त्रेसष्टाव्या नंबरवर जंगलखात्याचं ऑफिस होतं. तिथला कारकून रोज सव्वादहाला वीस मिनिटं आकडे वाचून दाखवायचा, मग दिवसभर तारेत चिटपाखरू नाही. चौसष्टाव्या नंबरवर खाणीची वस्ती.

मी टाइप करता करता थांबले. “काका, खाणीवर सगळे फोन दुपारी असतात ना?”

“असतील.”

“असतील काय, तुम्हाला रोज येतो की. दुपारचं माप घेऊ या. साहेबांना सांगू.”

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “नियम काय आहे?”

“दहा ते अकरा. पण नियमच जर...”

“माझी बहीण तिथे राहते हे सगळ्या ऑफिसला माहीत आहे. मी दुपारचं माप मागितलं तर उद्या काय म्हणतील? भागाकाराने बहिणीसाठी गणित फिरवलं.” मग जरा खालच्या आवाजात, “पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे. कर टाइप.”

त्याला मागचा संदर्भ होता. बऱ्याच वर्षांपूर्वी एका हेडक्लार्कने सासऱ्याला रांग तोडून फोन दिला, तेव्हा वर तक्रार करणारे काकाच होते. त्या माणसाची बदली झाली आणि त्याचं घर विस्कटलं. तेव्हापासून काकांना स्वतःच्या सरळपणाची राखण करावी लागायची. मला हे कळत होतं. कळत असूनही मी टाइप केलं, हे माझ्याही खात्यावर आहे. मी स्वतः साहेबांकडे जाऊ शकत होते. माझी तर कुणी बहीण तिथे नव्हती. पण मी नोकरीत नवी, मला कोण विचारतो, असं म्हणून मूग गिळून बसले.

बदलाच्या आदल्या दिवशी दोन दहाला फोन वाजला. काका म्हणाले, “ताई, उद्यापासून पंधरा दिवस तुमच्याकडचे फोन बंद राहतील. काम आहे.” तिने काहीतरी विचारलं. “हो, मीच ठरवलं,” ते म्हणाले. मग थोडा वेळ ऐकून, “हो, जेवीन वेळेवर.” दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्रांच्या खोलीत त्रेसष्ट जोडण्या आम्ही सगळ्यांनी मिळून हलवल्या. चौसष्टावी कुणाला हात लावू न देता त्यांनी स्वतः उपटली.

पंधरा दिवस झाले, महिना झाला. दुसरी यंत्रणा कुठल्यातरी गोदामात कागदावाचून अडकली होती. काकांनी रोज एक पत्र वर पाठवायला सुरुवात केली. नकला एका फायलीत, फाईल टेबलाच्या कोपऱ्यात, बघता बघता उशीएवढी जाड झाली. थोरले साहेब हात झटकून मोकळे. ताईची पत्रं यायची, दोन ओळींची. इकडे सगळं ठीक आहे, तू जेवतोस ना. दुपारी दोन वाजले की काका उगाच उठून पाणी प्यायला जायचे. मला बघवायचं नाही.

पाचव्या महिन्यात खाणीचा एक ट्रकवाला ऑफिसात आला. दगड उतरवून तसाच आला होता, अंगावर पांढरी धूळ. त्याने सांगितलं, आठ दिवसांपूर्वी मुकादम दुपारी अडीचला जेवणाच्या ताटावरच कोसळले. फोन बंद. खाणीचे ट्रक माल घेऊन खाली गेलेले. ताई डोंगराच्या रस्त्यावर येऊन उभी राहिली, येईल त्या गाडीला हात करत. साडेपाचला एक टेम्पो मिळाला. डोंगराच्या पायथ्याच्या शहरात हॉस्पिटलात पोचेपर्यंत सात वाजून गेले. जीव वाचला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, तीन तासांच्या आत आणायला हवं होतं.

ट्रकवाला गेल्यावर काकांनी एक कोरा कागद ओढला. मी समोरून बघत होते. फोन, अडीच. पायथ्याच्या शहरातून रुग्णवाहिका वर यायला एक तास दहा मिनिटं. खाली जायला तेवढीच. हॉस्पिटल, चार पन्नास. लागला असता वेळ: दोन तास वीस मिनिटं. त्याखाली त्यांनी दोन रेघा मारल्या, गणित सुटल्यावर शाळेतली मुलं मारतात तशा. कागद माझ्याकडे सरकवला. 

मग त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि आणखी एक कागद काढला. चौसष्टही सर्किटांची पूर्ण दिवसाची मोजणी, सकाळी सहा ते रात्री दहा. सगळी बोलणी धरली तर खाणीचा नंबर एकेचाळिसावा. चौसष्टावं, जंगलखातं. मला वाटलं आज काढलीय. मग मी तारीख बघितली. मी यादी टाइप केली त्याच्या दोन दिवस आधीची होती.

“म्हणजे तुमच्याकडे हे होतं.”

“होतं.”

“खणात.”

“खणात.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोपर्यंत मी समजत होते की या माणसाने डोळे मिटून नियम पाळला. त्यांनी डोळे उघडे ठेवून, मोजून, पडताळून, खरा आकडा हातात धरून तो खणात ठेवला होता. मी तीन आठवडे त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्यांनी एकदाही तक्रार केली नाही. मला त्याचाही राग आला.

सातव्या महिन्यात दुसरी यंत्रणा आली. सर्किट चालू झाल्यावर तिकडच्या टोकाची तपासणी करायला मला पाठवलं, आणि काका रजा टाकून माझ्याबरोबर निघाले. गाडीत दहा तास ते खिडकीबाहेर बघत होते. खणातला तो कागद चौघडी करून सदऱ्याच्या खिशात होता. मधूनमधून हात तिथे जायचा.

ताईचं घर दोन खोल्यांचं, दगडी, वर पत्रा. बाहेरच्या खोलीत खाटेवर मुकादम. एवढा मोठा आडवा हाडाचा माणूस, पण उजवा हात कुणीतरी विसरून गेल्यासारखा बाजूला पडलेला. ताई उशाशी स्टुलावर बसून चमच्याने दूध भरवत होती. अर्धं तोंडात जायचं, अर्धं गळ्यावर. ती पुसायची आणि पुढचा चमचा. माझी कल्पना होती तिच्यापेक्षा ती पुष्कळ लहानखुरी होती. आम्हाला बघून तिने चमचा वाटीत ठेवला, काकांचा दंड चाचपला. “वाळलास,” ती म्हणाली. “बस. ही बाई तुझ्या ऑफिसातली का? बसा हो.”

काका बसले नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी खिशातला कागद काढून तिच्या हातात दिला. “ताई, तुमचं सर्किट बंद करायचं नव्हतं. तुमचा नंबर एकेचाळिसावा होता. मला माहीत होतं. आधीपासून माहीत होतं.”

तिने कागद उजेडाकडे धरला, आकड्यांवरून बोट फिरवलं. आकडे तिला चांगले कळत. मुकादम खाटेवरून आमच्याकडे बघत होते. त्यांना किती समजत होतं कोण जाणे.

“मग सांगितलं का नाहीस?”

“लोक म्हणाले असते, बहिणीसाठी केलं.”

 नवऱ्याच्या हनुवटीवरून दुधाचा ओघळ आला होता, तो तिने पदराने टिपला.

“दुसऱ्या कुणाची बहीण राहत असती इथे, तर बोलला असतास?”

काकांना खोटं बोलता येत नव्हतं. निदान तेवढं तरी यायला हवं होतं असं मला त्या क्षणी वाटलं. “हो,” ते म्हणाले. “बोललो असतो.”

ताईने कागदाची पुन्हा चौघडी केली आणि त्यांच्या हातात परत दिली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“मग मी तुझी कुणी नसते तर यांचं बोलणं वाचलं असतं रे,” ती म्हणाली, आणि वाटीतला चमचा उचलून नवऱ्याकडे वळली. दूध गार झालं होतं. ते तिने तसंच भरवलं.